शोधणाऱ्याच्या तोंडचा शब्द

मे सरत येतो, वळवाच्या दोन-चार सरी पडतात आणि मुरबाडच्या बाजारात, शहापूरच्या नाक्यावर शेवळं दिसायला लागतात. ठाकूर, कातकरी बायका भल्या पहाटे रानात जाऊन ती काढतात, जुड्या बांधतात आणि रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसतात. शेवळांच्या शेजारी हिरव्या काकडांचे वाटे असतातच. शेवळं नुसतीच शिजवून खाल्ली तर घसा खाजतो, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक, टोकदार स्फटिक असतात. काकडाचा आंबटपणा हा त्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उतारा. म्हणून जाणकार गिऱ्हाईक शेवळं घेतली की काकडं मागतं, आणि नवखं असेल तर विकणारी बाईच ती पिशवीत टाकते.

आता समजा, मुरबाड तालुक्यातल्या एका शिक्षकाने या भाजीवर लेख लिहिला. शेवळं कधी उगवतात, कोणती खायची, कोणती सोडायची, आतला खाजरा भाग कसा काढायचा, काकडं किती घालायची, सगळं नीट विचारून, पाहून लिहिलं. मथळा दिला, ‘पहिल्या पावसाचे पाहुणे’. लेखाखाली टॅग टाकले : निसर्ग, आरोग्य, परंपरा, आपली माती.

डोंबिवलीतल्या एका कायस्थ प्रभू घरात नव्या सुनेपुढे शेवळांची जुडी येऊन पडली आहे. तिला कोलंबी घालून भाजी करायची आहे, पण घशाच्या खाजेची धास्ती आहे. ती फोनवर लिहिते, ‘शेवळं खाज’. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी लिहितो, ‘अमॉर्फोफॅलस कम्युटेटस’. रानभाजी महोत्सवाची तयारी करणारा बचत गट लिहितो, ‘रानभाज्या मुरबाड’. तिघांनाही हवी असलेली माहिती त्या लेखात आहे आणि तिघांपैकी एकालाही तो लेख सापडत नाही.

शिक्षकाने दिलेले चारही शब्द खोटे नाहीत. शेवळं निसर्गातच उगवतात आणि ती खाणं ही परंपराच आहे. पण शेवळं हवी असलेलं माणूस ‘निसर्ग’ म्हणून शोधत नाही. लेख पुरा केल्यावर लेखकाच्या मनात जो भाव उरला होता, त्याला त्याने टॅगचं रूप दिलं. टॅगचं काम वेगळं आहे. ज्याने लेख अजून वाचलेला नाही, असा लेख आहे हेही ज्याला ठाऊक नाही, त्याच्या तोंडी त्या गोष्टीसाठी जो शब्द येईल, तो टॅग. या प्रकरणात पुढे जे काही आहे ते या एका वाक्याचा विस्तार आहे.

मांजर कुठे ठेवायचं?

हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. १८७६ साली अमेरिकेत ग्रंथपालनाच्या दोन महत्त्वाच्या गोष्टी छापून आल्या. एक, मेल्विल ड्यूईचं दशांश वर्गीकरण. आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा दिसतो तो त्याच्याच पद्धतीतला. दुसरी, चार्ल्स अ‍ॅमी कटर या बोस्टनच्या ग्रंथपालाने लिहिलेले तालिकेचे, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या यादीचे नियम. ड्यूईचं नाव सगळ्यांना माहीत झालं, कटरचं फारसं कुणाला नाही. टॅगची विद्या मात्र कटरची.

दोघांच्या कामातला फरक समजून घेण्यासारखा आहे. कपाटात पुस्तक एकाच जागी राहू शकतं, म्हणून ड्यूईला प्रत्येक पुस्तकासाठी एकच आकडा ठरवणं भाग होतं. तालिकेतली कार्डं मात्र एका पुस्तकाची कितीही करता येतात. प्रश्न एवढाच की ती कोणत्या शब्दाखाली लावायची? कटरने उदाहरण दिलं मांजरावरच्या एका पुस्तकाचं. ते ‘मांजर’ या शब्दाखाली लावा. ‘प्राणिशास्त्र’, ‘सस्तन प्राणी’ किंवा ‘पाळीव प्राणी’ यांखाली नको. पुस्तक जेवढ्या विषयाचं, तेवढाच नेमका शब्द. शिवाय शब्द निवडताना तज्ज्ञांपेक्षा सामान्य वाचकाच्या वापरातला शब्द बघा, असंही त्याचं सांगणं होतं.

म्हणजे शेवळांवरचा लेख ‘शेवळं’खाली. दहा रानभाज्यांवरचा लेख असेल तर ‘रानभाज्या’ हाच नेमका शब्द. तिथे दहाही भाज्यांची नावं टाकली तरी हरकत नाही, पण प्रत्येक भाजीबद्दल खरोखर काही सांगितलं असेल तरच. ज्या भाजीचा नुसता उल्लेख आला तिचा टॅग लावला, तर शोधत आलेला माणूस फसतो आणि पुढच्या वेळी तुमच्या टॅगवर विश्वास ठेवत नाही.

एक जमीन, तीन वाटा

एकाच गोष्टीकडे जाणाऱ्या अनेक वाटा कशा असतात हे पाहायला ग्रंथालयातच जायला हवं असं नाही. तलाठी कार्यालयात गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेलं असतं.

गावच्या महसुली दप्तरात गाव नमुना १ ते २१ असे नमुने असतात. ‘सात-बारा’ हे नाव त्यांतल्या दोन क्रमांकांचं : नमुना ७ मध्ये जमिनीवरचे हक्क, नमुना १२ मध्ये पिकं. सात-बारा निघतो तो गट नंबर किंवा सर्व्हे नंबरवरून, म्हणजे जमिनीच्या तुकड्यावरून. पण किन्हवलीच्या बाजूच्या एखाद्या शेतकऱ्याला सोसायटीचं कर्ज घ्यायचं असेल, तर ‘या माणसाची या गावात एकूण जमीन किती’ असा प्रश्न असतो. त्यासाठी नमुना ८अ, खातेउतारा. तो खातेदाराच्या नावावरून निघतो. आणि भावाभावांत वाद झाला, तर ‘हे नाव इथे लागलं कधी आणि कशाने’ असा प्रश्न येतो. त्यासाठी नमुना ६, फेरफार नोंदवही. सात-बाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक लिहिलेले असतात. त्या क्रमांकावरून मागे गेलं की वारसनोंद, खरेदीखत, वाटणी, सगळं उलगडतं.

जमीन तीच. पण कुणी तुकडा घेऊन येतो, कुणी नाव घेऊन येतो, कुणी घटना घेऊन येतो, आणि दप्तर तिघांनाही वाट देतं. ज्याने ही रचना केली, त्याने आधी लोक कोणते प्रश्न घेऊन येतात याचा विचार केला होता. टॅग लावणाऱ्यानेही तोच करायचा असतो.

याउलट नमुना आपल्या खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत दिसतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी शासनमान्य ग्रंथालयं निघाली. पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत चढतं आणि त्याला दाखल क्रमांक मिळतो. हिशेबाला ही वही अत्यावश्यक आहे. पण दाखल क्रमांक सांगतो तो पुस्तक कधी आलं हे. ते कशाबद्दल आहे हे सांगत नाही. जिथे विषयवार यादी झालेली नाही, तिथे पुस्तक शोधायचं म्हणजे ग्रंथपालाच्या आठवणीवर भिस्त ठेवायची. तो निवृत्त झाला की अर्धं ग्रंथालय कपाटात असूनही हरवतं.

काय, कुठे, कधी, कोण

एस. आर. रंगनाथन यांनी या प्रश्नाचा भारतात बसून जगाला उपयोगी पडेल असा विचार केला. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून १९२४ साली ते रुजू झाले तेव्हा ते मूळचे गणिताचे प्राध्यापक होते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, ही त्यांतली तीन. दुसरं सूत्र वाचकाच्या बाजूने बोलतं, तिसरं पुस्तकाच्या. टॅगचा सगळा खटाटोप या तिसऱ्या सूत्रासाठी आहे.

१९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. ड्यूईच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला आधीच ठरवलेला एक कप्पा असतो. रंगनाथन यांनी विषयाचे पैलू वेगळे केले : मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, तिचं काय होतं, कुठे आणि कधी. प्रत्येक पैलूचा खूणआकडा वेगळा लिहायचा आणि मग ते जोडायचे. अवघड पारिभाषिक नावं बाजूला ठेवली, तर टॅग लावणाऱ्यासाठी यातून एक साधी प्रश्नावली तयार होते : काय? कुठे? कधी? कोण? कशासाठी?

शेवळांच्या लेखाला हे प्रश्न विचारून पाहू. काय? शेवळं, काकड, रानभाज्या. कुठे? मुरबाड तालुका, ठाणे जिल्हा. कधी? जून, पावसाळ्याची सुरुवात. कोण? ठाकूर, कातकरी. कशासाठी? पाककृती, खाज कमी करण्याचा उपाय. शास्त्रीय नाव जोडलं की विद्यार्थ्याचीही सोय झाली. दहा-बारा शब्द झाले आणि त्यांतला एकही लेखाच्या बाहेरचा नाही.

‘कुठे’ हा पैलू किती महत्त्वाचा आहे हे ब्रिटिशांनी १८८२ सालीच ओळखलं होतं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये ठाणे जिल्ह्याला दोन खंड दिले गेले. तेराव्या खंडात माहिती विषयवार आहे : पिकं, जंगल, लोक, व्यापार, इतिहास, जमीन महसूल. चौदाव्या खंडात तीच भूमी गावांच्या आणि स्थळांच्या नावांनी, रोमन मुळाक्षरांच्या क्रमाने लावली आहे. त्यात माहुली आहे, मुरबाड आहे, नाणेघाट आहे, शहापूर आहे. जंगलखात्याच्या अधिकाऱ्याने तेरावा खंड उघडावा, शहापूरला मुक्कामाला निघालेल्याने चौदावा. एकाच जिल्ह्याचे दोन तऱ्हेचे वाचक आहेत हे संपादकांना मान्य होतं.

कोणतं शहापूर?

स्थळाचं नाव टाकलं की काम झालं असं वाटतं, आणि घोळ तिथेच सुरू होतो. शहापूर नावाची गावं कितीतरी. बेळगावचं शहापूर आहे, कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात तालुक्याचं शहापूर आहे, मध्य प्रदेशात शाहपूर आहेत. नुसतं ‘शहापूर’ लिहिलं तर भातशेतीवरचा लेख बेळगावच्या विणकरांच्या बातम्यांत जाऊन पडतो. म्हणून ‘शहापूर, ठाणे’ किंवा ‘शहापूर तालुका, ठाणे जिल्हा’ असं पूर्ण लिहावं.

हा घोळ टपालखात्याने फार मोठ्या प्रमाणावर सोसला होता. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या, न लागणारं अक्षर यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचं. ते संस्कृतचे मोठे पंडितही होते. शहापूरचा पिन ४२१६०१, मुरबाडचा ४२१४०१. पहिल्या आकड्याने विभाग कळतो, पहिल्या तिन्हींनी टपाल वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटच्या तिन्हींनी टपाल कार्यालय. आकड्याला ऱ्हस्व-दीर्घ नाही, भाषा नाही. दुकानाची, दवाखान्याची, कृषी सेवा केंद्राची माहिती लिहिणाऱ्याने पिन हा टॅग म्हणून जरूर टाकावा.

त्यातून लोक गावाला नेहमी गावाच्या नावाने शोधतात असंही नाही. शहापूरला जायला गाडीतून उतरायचं ते आसनगावला. माहुली किल्ल्याच्या पायथ्याला जाणारा मुंबईकर म्हणून ‘आसनगाव’ असंच शोधतो. नाणेघाटाचं वेगळंच. वर जुन्नर तालुका, खाली मुरबाडचं वैशाखरे. बहुतेक लिखाण ‘जुन्नर’ या नावाखाली सापडतं, कारण सातवाहनांचा शिलालेख पाहायला जाणारा जुन्नरच्या लेण्यांबरोबरच तो पाहतो. पण कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या बसने वैशाखऱ्याला उतरून घाट चढणाऱ्याला मुरबाडच्या बाजूची माहिती हवी असते. आणि ‘नगर’ लिहिताना आता ‘अहिल्यानगर’ही जोडायला हवं, नाहीतर जुन्या नावाने शोधणारा एका ढिगाकडे जाईल आणि नव्या नावाने शोधणारा दुसऱ्या.

जिल्ह्याचंही तसंच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. त्याआधीच्या लेखांवर, अहवालांवर जव्हार आणि मोखाड्यासाठी ‘ठाणे जिल्हा’ अशीच खूण आहे. ती पुसू नये; तेव्हाचं ते सत्य होतं. शेजारी ‘पालघर जिल्हा’ जोडावं. जुना शब्द काढून नवा लावणारा जुन्या वाचकाची वाट बंद करतो.

एकाच गोष्टीची अनेक नावं कशी सांभाळायची याचा सर्वांत गंभीर नमुना आपल्या कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एका नोंदीत ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर अशी सगळी रूपं एकत्र दिली आहेत. दुसऱ्या एका नोंदीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, सोन काथोडी वगैरे. एका कागदावर ‘ठाकर’ आणि दुसऱ्यावर ‘ठाकूर’ असल्याने दाखला अडून बसला की काय होतं हे शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सांगावं लागत नाही. लेखाचा टॅग चुकला तर वाचक जातो. इथे शिष्यवृत्ती जाते. पण दोन्हीकडे दुखणं एकच : शोधणाऱ्याचं रूप वेगळं आणि नोंदीतलं वेगळं.

शहापूर आणि शहापुरात

मराठीत लिहिणाऱ्याला एक जादा अडचण आहे, आणि इंग्रजीवरून उचललेल्या सल्ल्यांत ती कधी येत नाही. आपला शब्द वाक्यात शिरला की बदलतो. ‘शहापूर’ला प्रत्यय लागून ‘शहापुरात’ होतं. पू दीर्घ होता तो ऱ्हस्व झाला. ‘विहीर’ची ‘विहिरीत’ होते. ‘पाणी’चं ‘पाण्यासाठी’ होतं. ‘ठाकूर’चं ‘ठाकुरांची’ होतं. आता एखाद्या लेखात वाक्य असं आहे : ‘शहापुरातील विहिरींच्या पाण्यावर ठाकुरांच्या पाड्यांची भिस्त असते.’ या वाक्यात शहापूर, विहीर, पाणी आणि ठाकूर हे चारही शब्द आहेत. पण अक्षराला अक्षर जुळवून शोधणाऱ्या साध्या यंत्रणेला त्यांतला एकही सापडणार नाही. मोठी शोधयंत्रं आता यातून बरीचशी वाट काढतात. आपल्या फोनमधली फाइल-शोध सुविधा, ग्रंथालयातली छोटी संगणकप्रणाली, पीडीएफमधला शोध, यांच्याकडून ती अपेक्षा करू नये. टॅगमध्ये शब्द मूळ रूपात दिला की प्रश्न मिटतो. म्हणून ‘विहिरींचे पाणी’ असा टॅग नको; ‘विहीर’ आणि ‘पाणीटंचाई’ असे दोन हवेत.

दुसरी अडचण डोळ्याला दिसतच नाही. ‘कातकऱ्यांचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात ‘ऱ’ हे नुक्त्याचं स्वतंत्र अक्षर असतं; दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. टॅगमध्ये ‘कातकरी’ हे मूळ रूप दिलं की हेही टळतं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. युनिकोड रुळायच्या आधी तालुक्याच्या गावांतल्या डीटीपी केंद्रांत जे मराठी जुळवलं गेलं, ते जुन्या फॉन्टांत. पडद्यावर ‘मुरबाड’ दिसतं, पण आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते; फॉन्ट तिला देवनागरीचं रूप देतो इतकंच. शाळांच्या स्मरणिका, साप्ताहिकं, ग्रामपंचायतींचे अहवाल, दिवाळी अंक, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका, असा कितीतरी ऐवज या रूपात पडून आहे. त्याची पीडीएफ करून ठेवली तरी ‘मुरबाड’ शोधल्यावर काहीच हाती लागत नाही. स्कॅन केलेली पानं, फोटो, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण यांचंही तेच. त्यांच्या आत शोधण्याजोगा मजकूरच नसतो. अशा ऐवजाला युनिकोडमध्ये लिहिलेले चार टॅग हाच काय तो धरायला आधार.

पाणी कुणाच्या नावाने?

आतापर्यंत सोयीचा विचार केला. पण टॅगमध्ये बाजूही असते.

तानसा धरण १८९२ चं. भातसा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. दोन्ही शहापूर तालुक्यातली, आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतली. त्या सातांत भातसा सर्वांत मोठा. दर पावसाळ्यात ‘तानसा भरून वाहू लागला’ ही बातमी येते, ती ‘मुंबई पाणीपुरवठा’ या खुणेखाली. धरणांत किती टक्के साठा आहे, पाणीकपात होणार का, हेही त्याच खुणेखाली. उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका विहिरीत उतरून पाणी भरतात, टँकर येतात, ती बातमी ‘शहापूर’, ‘ग्रामीण’, ‘पाणीटंचाई’ अशा खुणांखाली जाते.

परिणाम असा की भातसा धरणाबद्दल वाचणाऱ्या मुंबईकरापुढे टँकरची बातमी येत नाही आणि टँकरबद्दल वाचणाऱ्यापुढे धरण येत नाही. कुणी मुद्दाम लपवलं असं नाही. प्रत्येक उपसंपादकाने आपल्या परीने नेमका शब्द निवडला. पण एकाच खोऱ्याच्या दोन गोष्टी दोन ढिगांत गेल्या आणि त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध वाचकाच्या नजरेआड राहिला. टँकरच्या बातमीला ‘भातसा’ आणि ‘मुंबई पाणीपुरवठा’ हे दोन टॅग जोडले, धरण भरल्याच्या बातमीला ‘शहापूर तालुका’ हा एक जोडला, तर लेखातलं एकही वाक्य न बदलता वाचकाला वेगळं चित्र दिसेल. कोणता टॅग लावायचा हे ठरवणारा माणूस, कोणी काय शेजारी शेजारी वाचावं हेही ठरवत असतो. ही जबाबदारी लहान नाही.

सगळ्यांनी लावलेले शब्द

कटर किंवा रंगनाथन यांच्या काळात शब्द ठरवायचा अधिकार ग्रंथपालाकडे होता. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ज्याच्या-त्याच्या हाती आला. लोक आपापल्या फोटोंना, दुव्यांना मनाला येईल ते शब्द लावू लागले. २००४ साली थॉमस व्हँडर वाल याने या लोकवर्गीकरणाला ‘फोक्सॉनॉमी’ असं नावही दिलं. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना याने ट्विटरवर शब्दाआधी # हे चिन्ह लावून एका विषयावरचं बोलणं एकत्र आणावं असं सुचवलं आणि हॅशटॅग रुळला.

याचा फायदा मोठा झाला. लोकांच्या तोंडचे शब्द आपोआप खुणा बनले. म्हशाच्या जत्रेचंच पाहा. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा इथे भरणारी ही जत्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. पत्रिकेवर ‘खांबलिंगेश्वर यात्रा’ असतं, कुणी ‘म्हसोबाची यात्रा’ म्हणतं, गाडी करून निघालेलं कुटुंब ‘म्हशाची जत्रा’ म्हणतं. ग्रंथपालाने यांतला बहुधा पहिला शब्द निवडला असता. लोकांनी तिन्ही लावले.

तोटाही तिथेच. तिन्ही शब्द निरनिराळ्या ढिगांवर लागले, तर कोणताच ढीग पुरा होत नाही. यावर ग्रंथपालांचा जुना उपाय आजही चालतो : ‘पाहा’ची नोंद. एक रूप मुख्य ठरवायचं आणि बाकीच्यांपुढे ‘पाहा’ लिहायचं. नागली, पाहा नाचणी. म्हसोबाची यात्रा, पाहा म्हसा यात्रा. मुख्य रूप सगळीकडे लावायचं, आणि जमेल तिथे बाकीची रूपंही. यासाठी फार काही लागत नाही. शाळेचं संग्रहालय असो, गावचं वाचनालय असो किंवा एकट्या माणसाचं लेखन असो, आपण वापरतो त्या शब्दांची एक वही ठेवावी. नवा टॅग सुचला की आधी वहीत पाहावं. त्याच अर्थाचा जुना असेल तर तोच वापरावा. ‘रानभाजी’ एका लेखाला, ‘रानभाज्या’ दुसऱ्याला, ‘रानातल्या भाज्या’ तिसऱ्याला, असं झालं की तीन लेख एकमेकांना कधीच भेटत नाहीत. जो टॅग एकाच लेखाला लागला आणि वर्षभरात दुसऱ्या कशालाही लागला नाही, तो एखाद्या दुर्मीळ व्यक्तीचा किंवा स्थळाचा नसेल तर काढून टाकावा.

हे काम किती चिकाटीचं असू शकतं ते शंकर गणेश दाते यांच्याकडे पाहून कळतं. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची विषयवार सूची त्यांनी केली. ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९३८ ते १९५० चा भागही आला. ठाण्यात १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं तेव्हा मराठी पुस्तकं एकत्र जमवण्याची सोय झाली. कोणत्या विषयावर मराठीत काय लिहिलं गेलं हे एका ठिकाणी कळण्याची सोय दात्यांनी केली. पुस्तकं लिहिणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. त्यांच्यापर्यंत पोचवणाऱ्याचं नाव मुद्दाम सांगावं लागतं.

सिद्धगडावर चार वाटसरू

शेवटी एक उदाहरण पूर्ण सोडवू. विषय : मुरबाड तालुक्यातला सिद्धगड. माथेरानचे भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १९४२ च्या चळवळीत भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात.

यावर लेख लिहिला तर कोण शोधत येईल? दहावीचा विद्यार्थी, तो ‘भाई कोतवाल’ किंवा ‘आझाद दस्ता’ लिहील. गिर्यारोहक, तो ‘सिद्धगड ट्रेक’ लिहील. स्वातंत्र्यलढ्याचा अभ्यासक, तो ‘चले जाव चळवळ’, ‘१९४२’ आणि ‘ठाणे जिल्हा’ लिहील. तालुक्यातलं एखादं माणूस ‘मुरबाड हुतात्मे’ असं लिहील. म्हणून टॅग असे : भाई कोतवाल, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, हिराजी पाटील, आझाद दस्ता, चले जाव चळवळ, १९४२, सिद्धगड, मुरबाड तालुका, ठाणे जिल्हा, माथेरान, हुतात्मे. लेखात गडावर जायची वाट सांगितली असेल तर ‘ट्रेक’; नसेल तर नको. ‘देशभक्ती’, ‘प्रेरणा’, ‘शौर्य’ हे शब्द लेखात भले कितीही वेळा येवोत, टॅगमध्ये त्यांचं काम नाही.

ही यादी बरोबर आहे की नाही याची परीक्षा घरबसल्या होते. लेख ज्याने वाचलेला नाही अशा दोघा-तिघांना गाठायचं. एक वयस्क, एक विद्यार्थी, एक बाहेरगावचा, असे मिळाले तर उत्तम. त्यांना मथळा सांगायचा नाही. लेखात काय आहे ते दोन वाक्यांत सांगायचं आणि विचारायचं, ‘हे तुला हवं असतं, तर फोनवर काय लिहून शोधलं असतंस?’ उत्तर येईल ते जसंच्या तसं टिपून घ्यायचं. आपल्याला अशुद्ध वाटलं तरी, बोलीतलं असलं तरी, इंग्रजी असलं तरी. मग आपण काढलेली यादी शेजारी ठेवायची. दोन्हीकडे आलेले शब्द पक्के. फक्त त्यांच्याकडून आलेले शब्द आपल्या यादीत घालायचे. आणि फक्त आपल्याकडे असलेल्या शब्दांपैकी प्रत्येकाला विचारायचं, की बाबा, तुझ्या नावाने कोण येणार आहे? उत्तर देता आलं नाही तर तो शब्द खोडायचा.